आधी आणलेली लोकर

कार्तिक संपत आला की थंडी आधी पायाच्या बोटांना कळते, मग बाकीच्या अंगाला. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं. वारज्याला लेकीच्या घरी मी सातव्या मजल्यावर झोपतो. सकाळी खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली असते आणि खाली हायवेवरच्या गाड्या धुक्यात नुसत्या ऐकू येतात, दिसत नाहीत. त्या आवाजाच्या आत मला दुसरा एक आवाज येतो. टिक टिक, जरा थांबा, परत टिक टिक. विणायच्या सुयांचा. लेक म्हणते, अण्णा, तो फ्रिज आहे. नात म्हणते, आजोबा, बाथरूमचा नळ गळतोय, प्लंबरला सांगितलंय. प्लंबर येऊन गेला. फ्रिजवालाही येऊन गेला. मी जन्मभर विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त केली. बांधावर उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठं काय झिजलंय ते. मला आवाज शिकवू नका.

शेवंता जाऊन पाच महिने झाले. शेवंता म्हणजे माझी बायको. भेटायला येणारी माणसं विचारतात, आजारी होत्या का? होती की. म्हातारी होती, आजारी पडली, गेली. त्यात विचारण्यासारखं काय आहे? पावसाळ्यात गेली तेव्हा मला ते नीट कळलंच नव्हतं. घरात माणसं होती, दारात चिखल होता, ह्याला चहा द्या, त्याला गाडी बघून द्या, असंच सगळं चाललेलं. थंडी आल्यावर कळलं. कारण आमच्या घरात थंडी शेवंता आणायची. दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की ती पलंगाखालची ट्रंक ओढायची, झाकण उघडायची, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास पार ओसरीपर्यंत यायचा. कानटोप्या, मफलर, माझा तपकिरी स्वेटर सगळं उन्हात पडायचं. तो वास नाकात गेला की मी समजायचो, आता सकाळी इंजिनं लवकर सुरू व्हायची नाहीत, हँडल मारून खांदे दुखणार. ह्या वर्षी तो वास आला नाही. थंडी आली. कुणी बोलावली नव्हती, तरी आली.

मी चौथीपर्यंत शिकलोय. लिहायची सवय नाही. पण एक थंडी अशी आहे की ती सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही, म्हणून बसलोय.

आमच्या लग्नाला तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. गाव नीरेच्या काठी. उसाला पाणी चालू असायचं, त्यामुळं कुठं ना कुठं इंजिन धडधडत असायचंच. इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवतात, ते बाहेर पडताना कोमट होऊन पडतं. थंडीच्या दिवसांत गावातल्या बायका धुणी घेऊन त्या पाण्यावर यायच्या. शेवंताही यायची. पोटुशी होती, सातवा महिना. दगडावर बसून दोन्ही पाय त्या कोमट धारेत सोडायची आणि डोळे मिटायची. मी इंजिनाशी वाकलेला असायचो. ती म्हणायची, "अहो, हे बंद नका करू इतक्यात." आणि मी, दुरुस्ती संपलेली असली तरी, उगाच एखादा नट पिळत बसायचो. डिझेल दुसऱ्याचं होतं. असू दे. शेवग्याच्या शेंगांसारखे तिचे हात होते, लांब आणि काटक. त्या हातांना रिकामं बसणं माहीत नव्हतं. शाळेच्या बाईंकडून ती विणायला शिकली होती आणि गावात विणकाम येणारी ती एकटीच.

त्याच थंडीत पिस्टनच्या रिंगा आणायला मी पुण्याला गेलो. स्वारगेटला एसटीतून उतरलो, चालत पेठेत गेलो. दुकानाला टाळं. बाहेर पाटी, दुपारी बंद. पुण्यात दुपारी माणसं मरतात आणि चारला परत उठतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वेळ घालवायचा म्हणून बोळाबोळांतून हिंडत कसब्यात शिरलो. कुठंतरी तांब्याची भांडी ठोकत होते, त्या आवाजाचा माग काढत गेलो, आणि एका वळणावर ते दुकान उघडं दिसलं.

लोकरीचं दुकान मी आधी कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडं लोकर म्हणजे धनगराची, काळी, तिची घोंगडी. इथं जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर लड्याच लड्या. तांबड्यातच दहा तांबडे. निळे तर मोजायची सोय नव्हती. मी तसाच दारात उभा राहिलो. रानात राहणाऱ्या माणसाला रंगांचं काय कौतुक, असं वाटेल कुणाला. पण रानातले रंग वेळेवर येतात आणि जातात. इथं सगळे ऋतू एकदम बांधून ठेवले होते.

गादीवर काळी टोपी घातलेले एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"काय पाहिजे?"

"लोकर."

"ते कळलं. भाजी पाहिजे असती तर पुढच्या बोळात गेला असतात. कशासाठी?"

"बाळासाठी."

"आधी हात दाखवा."

मी दाखवले. ग्रीस नखांत बसलेलं, ते राखेनंही निघत नाही.

"आता ते खिशात ठेवा. लांबून रंग सांगा. किती महिन्यांचं बाळ?"

"अजून झालेलं नाही."

तेव्हा पेपर खाली आला. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मग झाल्यावर या," ते म्हणाले. "घाई कसली? लोकर नासत नाही."

मला त्यांचं म्हणणं कळलं होतं. आमच्याकडंही तीच रीत. बाळ जमिनीवर यायच्या आधी त्याचं काही करायचं नाही. पाळणा आणायचा नाही, टाका घालायचा नाही, नाव काढायचं नाही. आलं की आधी जुनेर. कुणाच्या तरी वापरून मऊ झालेल्या लुगड्यात गुंडाळायचं. नवं काही करून ठेवलं की ते डोळ्यावर येतं म्हणतात. माझी आई तर ह्या बाबतीत फार कडक. पण मी तेव्हा स्वतःला शहाणा समजत होतो. इंजिनं उघडून जोडणारा माणूस, असल्या गोष्टींना भिणार नाही म्हणायचो, तेही चारचौघांत.

"तुम्ही दुकानदार आहात का भटजी?" मी म्हणालो. "लोकर द्या."

त्यांनी दिली. कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्याचा असतो ना, तो हिरवा. वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधून माझ्या पुढ्यात ठेवली आणि परत पेपर वर केला. परतीच्या एसटीत रिंगांची पिशवी पायाशी होती आणि ते पुडकं मांडीवर. मांडी ऊब धरून राहिली होती. रिंगांचं दुकान किती वाजता उघडलं, मी काय बोललो, काही आठवत नाही. ते पुडकं आठवतं.

आता मागच्या आठवड्यातलं सांगतो.

माझी नात मेघा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. माहेर म्हणजे माझी लेक सुमन, तिचं हे वारज्याचं घर. मेघा कंप्युटरवर काम करते, दिवसभर कानात काहीतरी घालून हिंदी-इंग्रजीत बोलते, पण विणायला बसली की हुबेहूब शेवंता. मे महिन्याच्या सुट्ट्यांत आजीनंच शिकवलंय तिला. ती म्हणाली, "मला स्वतःसाठी शाल विणायचीय, कसब्यात एक भारी शॉप आहे, फुल स्टॉक असतो, चला ना सगळे." सुमन म्हणाली, "अण्णा, तुम्हीही चला, घरात बसून त्या फ्रिजचा आवाज ऐकत राहता." रिक्षा करून गेलो तिघं.

ते पूर्वीचंच दुकान होतं का दुसरं, मला सांगता येणार नाही. बोळ बदलले, वर इमारती चढल्या. मी विचारलं नाही. पण आत पाऊल टाकलं आणि तोच वास आला. कोरड्या लोकरीचा, जरासा घशात बसणारा. तशाच फळ्या, आढ्यापर्यंत. आता लड्यांच्या जागी लोकरीचे गोल गुंडे होते, प्रत्येकाला कागदाची पट्टी, पट्टीवर नंबर. काचेच्या बरण्यांत लाकडी बटणं. भिंतीवर सुया, जाड-बारीक अशा ओळीनं लावलेल्या. मी उभा होतो, आणि माझे दोन्ही हात आपोआप वर आले. छातीसमोर, एकमेकांपासून हातभर लांब, तळवे समोरासमोर. मला कळलंही नाही.

गल्ल्याशी साठीच्या एक बाई बसल्या होत्या, चष्म्याला साखळी लावलेल्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, हात खाली घ्या. आता लड्या येत नाहीत, तयार गुंडेच देतो आम्ही. खूप वर्षं धरलेल्या दिसतायत."

"धरल्यात," मी म्हणालो आणि त्यांनी दाखवलेल्या स्टुलावर बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लडीतून सरळ विणता येत नाही, गुंता होतो. एकानं लडी दोन्ही हातांत ताणून धरायची, दुसऱ्यानं धागा ओढून गुंडा करायचा. आई शेतात गेली की दुपारी आम्ही दार लोटून बसायचो. मी हात साबणानं तीनदा धुऊन, शेवंतासमोर मांडी घालून. धागा डाव्या हातावरून निघायचा, उजव्यावरून निघायचा, आणि त्याच्याबरोबर माझे हात डुलायचे. ती हसायची. "अहो, इंजिनाला हँडल मारल्यासारखं नका करू. नुसतं जाऊ द्या त्याला." तसं बांधून घातल्यासारखं बसण्यात मला काय सुख वाटायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. हात अडकलेले, नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नाही, समोर ती, आणि आमच्या दोघांच्या मध्ये तो हिरवा धागा. एवढी धुतलेली असूनही माझ्या बोटांचा काळा डाग एका लडीला लागलाच. ती म्हणाली, "असू दे, तेवढा भाग काखेत घेते."

पुडकं बघितल्यावर ती आधी घाबरली होती. "आत्याबाईंना कळलं तर?" माझ्या आईला ती आत्याबाई म्हणायची. मी म्हणालो, "कळतंय कशाला? लपवून विण. पोर आलं की काढू, म्हणू आत्ताच आणलं." हे वाक्य माझं. ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं.

तिनं झबलं विणलं. विणताना ती मनात टाके मोजायची. मध्येच मी काही बोललो की डाव्या हाताचं एक बोट वर करायची. थांबा, ओळ पुरी होऊ दे. ओळ झाली की मग, "हं, काय म्हणत होता?" जन्मभर मी त्या बोटापुढं थांबलो. गावात मला मिस्त्री कमी आणि तोंडाळ जास्त म्हणायचे. सरपंचाला तोंडावर चोर म्हणालेला माणूस मी. त्या एका बोटापुढं गप्प.

झबलं झालं, आणि साड्यांच्या खाली ट्रंकेत गेलं.

मुलगा झाला पौषात. दिवस भरायला पंधरा दिवस होते तरी आला. त्या वर्षी थंडी अशी होती की सकाळी डबक्याच्या कडेला पाणी पापुद्रा धरायचं. घरातच बाळंत झाली, सुईण होती, माझी आई होती. पोर एवढंसं. रडलं ते मांजरासारखं. आईनं रीतीप्रमाणं जुनेरात गुंडाळलं, शेगडी जवळ ठेवली, तेल लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेलो तेव्हा आईनं त्याचे पाय माझ्या हातात दिले. "गार लागतायत रे," ती म्हणाली आणि निखारे आणायला बाहेर गेली.

त्या वेळी खोलीत आम्ही तिघंच होतो. शेवंतानं माझ्याकडं बघितलं. मग ट्रंकेकडं बघितलं. परत माझ्याकडं. ट्रंक माझ्यापासून चार हातांवर होती. मी उठून झाकण उघडायचं, एवढंच होतं. पण आई निखारे घेऊन येत होती, आणि तिनं विचारलं असतं, हे कुठून आलं, कधी विणलं? मी पोराचे पाय हातांत चोळत बसलो. शेवंतानं मान वळवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं.

झबल्यानं ते वाचलं असतं असं मी म्हणत नाही. डॉक्टर असता तर कदाचित वाचलं असतं, कदाचित नाही. आणि आधी लोकर आणली म्हणून ते गेलं, हे तर मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. लोकर कुणाला मारत नाही. पण ती काही पेटीत ठेवायची वस्तू नाही, एवढं मला कळतं. थंडीत पोर गार पडत होतं आणि लोकर पेटीत होती. कारण मी तिला लपवायला सांगितलं होतं.

बाराव्या दिवशी शेवंता न्हायला जाण्यासाठी साडी काढत होती, आई मागं उभी होती. झबलं वर आलं. मी दारात हात धूत होतो.

"हे कुणी आणलं?" आईनं विचारलं.

शेवंता म्हणाली, "मीच लोकर मागवली होती. माहेराहून."

आई रडली, ओरडली, म्हणाली, "तूच त्याच्या मुळावर उठलीस." मी हात धूत होतो. धूतच राहिलो. बादली संपली तरी.

शेवंतानं त्याच दिवशी झबलं उसवलं. ओळीमागं ओळ. उसवलेल्या लोकरीला विणीच्या नागमोडी सुरकुत्या राहतात, ती परत सरळ होत नाही लवकर. त्या लोकरीचं पुढं काय केलं हे मी विचारलं नाही.

नंतर आम्हाला सुमन झाली, सगळं रीतीनं झालं. पण गावात शेवंता दाखला होऊन बसली. भावकीत कुणाला दिवस गेले की माझी आई सांगायची, आणि आई गेल्यावर माझी धाकटी बहीण चंदा सांगायला लागली. ती तेव्हा दहा वर्षांची होती, तिनं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे जेवढं दिसण्यासारखं होतं तेवढं. "आमच्या वहिनीनं आधी विणलं, बघा काय झालं." डोहाळजेवणाला शेवंताला बोलवायचे नाहीत. ओटी भरायला तिचा हात नको असायचा. बारसं झाल्यावर मात्र ती विणलेलं टोपडं पाठवायची. घेणाऱ्या घ्यायच्या. आधी धुऊन मग घालायच्या.

एकदा मी म्हणालो होतो, "आईला मी सांगून टाकतो खरं काय ते." ती मफलर विणत होती. बोट वर केलं. मी थांबलो. ओळ संपली, तिनं सुया मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "चहा टाकू का?" मी म्हणालो, टाक.

तिनं मला माफ केलं होतं का, का ती मला तेवढ्याही लायकीचा समजत नव्हती? विचारायला हवं होतं. चहा प्यालो.

सुमनच्या वेळचं सांगतो. मेघा पोटात असताना सुमन माहेरी आली होती. शेवंता माझ्या जुन्या स्वेटरची बाही सांधत बसली होती, नवं काही नाही. सुमन म्हणाली, "आई, त्या सुया आत ठेव. निदान माझ्या वेळेला तरी नको." शेवंता उठली, सुया ट्रंकेत ठेवल्या, येऊन बसली. दोन महिने तिनं सुईला हात लावला नाही. पण तिची बोटं मांडीवर चालू असायची. एक सुलट, दोन उलट. मी समोर बसून ते बघायचो आणि पेपर उलटायचो.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही बोटं तशीच पांघरुणावर चालत होती. सुमन म्हणाली, भ्रम झालाय तिला. मी ओळखलं काय चाललंय ते. खोलीत कुणी नव्हतं तेव्हा मी खाली वाकून म्हणालो, "शेवंता, मी सुमनला सांगतो. चंदालाही सांगतो." तिचं एक बोट वर झालं. डाव्या हाताचं. आता ते तिनं मला थांबवायला केलं, का आजारानं नुसतं हललं, मला माहीत नाही. मी थांबलो. ओळ पुरी होण्याची वाट बघत स्टुलावर बसून राहिलो. ती ओळ काही पुरी झाली नाही. तीच ओळ मला सकाळी ऐकू येते, फ्रिज म्हणा नाहीतर नळ म्हणा.

तर, दुकानात. मेघानं शालीचं नाव काढलं नाही. सरळ बाईंना म्हणाली, "काकू, बेबीसाठी दाखवा. सॉफ्ट, टोचणार नाही अशी."

सुमननं तिच्या हातातले गुंडे काढून काउंटरवर ठेवले. "शाल म्हणाली होतीस ना?"

"आई, प्लीज. तू आलीच नसतीस."

"बाळ झाल्यावर सगळं दुकान उचलून घरी आण. आत्ता नाही."

"तू इतकी वर्षं बँकेत नोकरी केलीस आणि हे असलं मानतेस?"

"बँकेत होते म्हणून काय झालं? तुझ्या आजीनं केला होता हाच शहाणपणा. पहिला मुलगा गेला तिचा. घरात कुणाला न सांगता माहेराहून लोकर मागवून विणत बसली होती."

गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे दोन्ही गिऱ्हाइकं येतात. आधी नेणारी आणि नंतर नेणारी. दुकानात भांडणारी त्यामानानं कमी."

सुमनच्या आवाजात माझी आई बोलत होती. तेच शब्द, तोच सूर. शेवंता मेली तरी अजून त्या ट्रंकेपाशी उभीच होती, आणि उद्या मेघाच्या पोटातलं येईल तेही हेच शिकेल. माझ्यासमोर कुणी बोट वर केलेलं नव्हतं. मी बघितलं. खरंच बघितलं, ह्या बाजूला, त्या बाजूला.

"लोकर तिनं मागवली नव्हती," मी म्हणालो.

"मग काय आभाळातून पडली?" सुमन म्हणाली.

"मी आणली होती. पुण्यातून, इथूनच कुठूनतरी. दुकानदार नको म्हणत होता तरी. लपवून विण असं मीच म्हणालो तिला. आईनं विचारलं तेव्हा तिनं स्वतःवर घेतलं."

"आणि तुम्ही?"

"मी गप्प बसलो."

"तुम्ही?" सुमन म्हणाली. "माझ्या लग्नात व्याह्यांच्या तोंडावर जिलबी कच्ची आहे म्हणालात. माझ्या सासूला पहिल्याच भेटीत घर कोंदट आहे म्हणालात. ते तुम्ही, गप्प बसलात?"

"हो."

"मी तिला सुया आत ठेवायला लावल्या होत्या."

"हो."

"तुम्ही समोर बसला होतात अण्णा."

"होतो."

मेघानं आईच्या दंडाला हात लावला, तो तिनं काढला. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. पर्समधून फोन काढला आणि म्हणाली, "चंदाआत्या अजून प्रत्येक बारशाला हेच सांगते. मी लावून देते, तुम्ही बोला."

"घरी गेल्यावर बोलतो."

"नाही. आत्ता."

"फोन बाहेर," बाई म्हणाल्या. "आत रेंज येत नाही." मग काउंटरवरच्या गुंड्यांकडं बघून विचारलं, "हे उचलून ठेवू का?"

"राहू द्या तिथंच," सुमन म्हणाली, आणि माझ्या कोपराला धरून मला बाहेर आणलं.

बोळात ऊन होतं, पण सावलीत थंडी. दुचाक्या चालल्या होत्या, समोर पेरूची हातगाडी होती, कोपऱ्यावर दोघं-तिघं चहा पीत उभे. फोन कानाला लावला. चंदाला आता एका कानानं अजिबात आणि दुसऱ्यानं थोडंसंच ऐकू येतं.

"दादा व्हय? जेवलास का? थंडी हाय का तिकडं?"

"चंदे, ऐक. ती लोकर मी आणली होती."

"काय?"

"लोकर! मी आणली होती!"

"लोकर नको आणू बाबा मला. दोन शाली हाईत."

"तुला नाही! शेवंताच्या पहिल्या पोराची! तिच्या माहेरची नव्हती ती! मी आणली पुण्यातून! आईला खोटं सांगितलं तिनं, मला वाचवायला! मी तिथं होतो आणि बोललो नाही!"

चहावाले वळून बघायला लागले. पेरूवाल्यानं तराजू हातात तसाच धरला. ऐकू दे, म्हटलं. सुमन माझ्यासमोर हाताची घडी घालून उभी होती. दुकानाच्या पायरीवर मेघा, तिच्यामागं चष्म्याला साखळी लावलेल्या बाई.

फोनमध्ये काही आवाज नव्हता. चंदाच्या अंगणात कोंबड्या होत्या, तेवढ्याच ऐकू येत होत्या. लाइन तुटली का म्हणून मी फोन कानापासून लांब करून बघितला, परत लावला.

"दादा," चंदा म्हणाली, हळू. "मला काय ऐकू आलं नाय. परत सांग."

तिला ऐकू आलं होतं. साठ वर्षं बहीण आहे माझी, मला कळतं. तिला परत ऐकायचं होतं.

मी घसा खाकरला. एसटीतून स्वारगेटला उतरलो तिथपासून सुरुवात केली, मोठ्यानं, आणि ह्या वेळी काही गाळलं नाही.